मिरजेचे रूळ आणि घरची करवत

कुकरची रिंग, मिक्सरचं भांडं, शिलाई मशीनची बॉबिन केस, यांची खरेदी आपल्या हातची. आज मात्र ज्या वस्तूबद्दल लिहिणार आहे तिचं नाव वाचून काहीजणी म्हणतील, ‘हे काय आमच्या कामाचं?’ वस्तू आहे करवत. हातकरवत नव्हे, विजेवर चालणारी. पण या आठवड्यात दोन भगिनींनी तिच्याबद्दलच विचारलं आहे, आणि दोघींच्याही घरची चूल त्या करवतीवर पेटते. तेव्हा विषय आपलाच आहे.

साताऱ्याच्या भगिनी लिहितात : ‘यजमानांचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, कपाटं करून देतात. रुळावरून चालणारी करवत पाच वर्षं वापरली, ती परवा बंद पडली. तिचे दोन रूळ धड आहेत. दुकानदार म्हणतो, दुसऱ्या कंपनीचं मशीन स्वस्तात देतो. माझ्याकडे भिशीचे अठरा हजार आहेत. देऊन टाकू का?’

सांगलीच्या भगिनींचं दुखणं निराळं आहे : ‘आमच्याकडे रूळबिळ काही नाही. हे फरशी कापायच्या कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापतात. आवाज ऐकला की माझा जीव टांगणीला लागतो. बोलले तर म्हणतात, तुला काय कळतं त्यातलं. आमच्या ऐपतीत बसेल असं काही आहे का?’

दोघींनाही उत्तर द्यायचं आहे. पण आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे ‘तुला काय कळतं’ हे ऐकून घ्यायची वेळ येणार नाही.

रुळावरची करवत म्हणजे काय?

साधी गोल करवत, म्हणजे विजेवर फिरणारं दातेरी चाक. कारागीर तिला नुसतं ‘कटर’ म्हणतात. ती हाताने धरून आठ फूट लांब प्लायवर सरळ चालवणं म्हणजे पोळपाटाशिवाय पोळी गोल लाटण्यासारखं. दोन फुटांपर्यंत जमतं, मग रेघ हलते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची एक लांब पट्टी करतात. तिच्या पाठीवर एक उंचवटा असतो आणि करवतीच्या बुडाला तसाच खाचा. पट्टी खुणेवर ठेवायची, करवत तिच्यावर बसवायची आणि पुढे ढकलायची. काप दोरीसारखा सरळ येतो. पट्टीच्या कडेला एक काळी रबरी फीत असते. ती प्लायला दाबून धरते, त्यामुळे सनमायकाचे टवके उडत नाहीत. याच पट्टीला कोणी गाइड रेल म्हणतं, कोणी ट्रॅक. आपण रूळच म्हणू.

मिरजेची गोष्ट लक्षात ठेवा

सांगली-मिरजेकडच्या वडीलधाऱ्या बायकांना मिरज जंक्शनचे जुने दिवस आठवत असतील. पुण्याकडून ब्रॉडगेज आली, बेळगावकडे मीटरगेज होती आणि पंढरपूरकडे बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ! गाडी कितीही चांगली असो, ती दुसरीच्या रुळावर जाणार नाही. मग पिशव्या, वळकट्या, लेकरं, सगळं उचलून पलीकडच्या गाडीत. आता तिथे सगळीकडे ब्रॉडगेज झाली आहे. करवतींच्या दुनियेत मात्र अजून निरनिराळे ‘गेज’ आहेत, आणि स्वस्त मशीन घेणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

म्हणून आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही : आधी रूळ बघा, मग करवत. कुकरची रिंग आणायला जाताना आपण झाकण बरोबर नेतो ना, तसंच.

माहीत असावीत अशी घराणी तीन. माकिता आणि फेस्टूल यांच्या रुळांची घडण जवळजवळ सारखी आहे, त्यामुळे एकाची करवत दुसऱ्याच्या रुळावर चालते. फक्त माकिताच्या करवतीला तिरका काप घेताना ती कलंडू नये म्हणून एक आकडा असतो, तो माकिताच्याच रुळात अडकतो. सरळ कापाला त्याची गरज पडत नाही. बॉश आणि माफेल हे दुसरं घराणं, त्यांचे रूळ एकमेकांना चालतात, पण माकिताच्या घराण्याशी त्यांची सोयरीक नाही. डिवॉल्टचे रूळ तिसऱ्याच घडणीचे. इतर पुष्कळ कंपन्या यांपैकी एखाद्या घराण्याची घडण उचलतात. दुकानदार ‘बसतं हो ताई, सगळ्याला बसतं’ म्हणाला तरी आपला रूळ बरोबर न्यावा आणि समोर बसवून दाखवायला सांगावं.

बसवून बघायचं ते असं. करवत रुळावर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. मध्येच अडकता कामा नये. मग बुडाला धरून डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगता कामा नये. थोडी ढिलाई असेल तर बुडाला दोन छोटे स्क्रू असतात, ते फिरवून ती काढता येते. स्क्रू फिरवूनही डुगडुगत असेल तर ती सोयरीक नको.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी पुष्कळ कारागीरही विसरतात. ती काळी फीत नवी असताना थोडी रुंद असते. पहिल्या वेळी करवत चालवली की जास्तीची कापली जाते आणि फितीची कड म्हणजेच कापाची रेघ होते. करवत बदलली की पात्याची जागा एखादा-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होते. मग जुन्या फितीवर भरवसा ठेवून खुणा केल्या की ट्रॉलीचं दार चौकटीत बसत नाही, आणि गिऱ्हाइकाची बोलणी ऐकावी लागतात. म्हणून नव्या करवतीबरोबर नवी फीतही घ्यायची. खर्च थोडा, पण हिशेबात धरायचा.

साताऱ्याच्या भगिनींना

ताई, अठरा हजार देण्याआधी एक काम करा. करवत खरोखरच गेली आहे का ते पाहून घ्या. या मोटारींत कार्बनचे दोन छोटे ठोकळे असतात, त्यांना कारागीर ‘कार्बन’च म्हणतात. ते झिजले की मशीन थांबत-थांबत चालतं किंवा अजिबात चालत नाही. कार्बन अगदी स्वस्त मिळतात. तसंच वायर मशीनमध्ये शिरते तिथे वाकून-वाकून आतून तुटते. बटणात भुसा भरून तेही बसतं. या तिन्हींपैकी काही असेल तर दुरुस्ती थोडक्यात होते. मात्र जळका वास आला असेल, आत ठिणग्यांचं वर्तुळ दिसलं असेल, तर आर्मेचर गेलं समजा. वाइंडिंगवाल्याकडून खर्चाचा आकडा कागदावर लिहून घ्या. तो नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर जुन्याचा मोह सोडा.

नवीच घ्यायची ठरली, तर तुमचे दोन रूळ हे तुमचं भांडवल आहे. मोटार जळते, बेअरिंग झिजतं, पण रुळाला जळण्यासारखं काही नसतं. तो वाकवला नाही, तर एकामागून एक दोन-तीन करवती पाहतो. शेतकऱ्याच्या घरी फाळ झिजला म्हणून कोणी नांगर फेकत नाही. त्याच नांगराला बसणारा फाळ आणतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. त्या मुलखातल्या लेकी-सुनांना हे नव्याने सांगायला नको.

तेव्हा दुकानदाराच्या ‘स्वस्त’ मशीनचा हिशेब असा मांडा. एका बाजूला तुमच्या रुळाच्या घराण्यातली करवत आणि नवी फीत. दुसऱ्या बाजूला स्वस्त करवत, तिचे दोन नवे रूळ, रूळ जोडायचे तुकडे आणि रूळ धरून ठेवायचे शिकंजे. दुसऱ्या बाजूची बेरीज पुष्कळदा पहिलीपेक्षा जास्त होते, आणि घरातले धड रूळ माळ्यावर धूळ खात पडतात.

रुळाची लांबीही मोजून घ्या. आपल्याकडे प्लायचा पत्रा आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. आडव्या कापाला १४०० मिलिमीटरचा एक रूळ पुरतो. उभ्या कापाला असे दोन जोडावे लागतात, कारण करवत सुरुवातीला आणि शेवटी नीट टेकायला रूळ दोन्ही टोकांना प्लायच्या बाहेर यायला हवा. तुमचे दोन्ही रूळ १४०० चे असतील तर नवा रूळ घ्यायचं कारणच नाही. जोडल्यावर बाजूने दोरी ताणून सांधा सरळ आहे ना, एवढं दर वेळी पाहायला सांगा.

मोठं पातं म्हणजे चांगलं मशीन असंही नाही. ट्रॉलीचा प्लाय बहुधा १८-१९ मिलिमीटरचा. पंचावन्न मिलिमीटरच्या आसपास खोल कापणारी करवत घरगुती फर्निचरला भरपूर झाली. तिला साधारण १६० ते १६५ मिलिमीटरचं पातं लागतं. प्लाय आणि सनमायकाला बारीक, पुष्कळ दातांचं पातं घ्या, ४८ च्या आसपास. मशीन फार जोर लावायला लागलं, कडा काळपट यायला लागल्या, तर मशीनला दोष देण्याआधी पातं धार लावायला पाठवा.

परदेशातले दीर किंवा भाऊ ‘मी तिकडून पाठवतो, स्वस्त आहे’ म्हणतात, तेव्हा प्रेम घ्या, मशीन घेऊ नका. अमेरिकेतली मशिनं १२० व्होल्टची असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टला लावलं की पहिल्याच बटणात धूर निघतो. शिवाय इथे गॅरंटी मिळत नाही.

बॅटरीवर चालणारी करवत घ्यायची असेल तर तिथेही घराणी आहेत. घरात ज्या कंपनीचं ड्रिल आणि बॅटऱ्या असतील, तिचीच करवत घेतली तर बॅटरीचा खर्च वाचतो. पण दिवसभर कापाकापी असेल तर वायरचं मशीनच स्वस्त पडतं.

आता भिशीच्या पैशांबद्दल. द्या, पण ‘दिले’ म्हणून नका देऊ. वहीत लिहा : वर्कशॉपला उसने, अमुक तारीख, दरमहा इतके परत. धंद्याला घेतलेलं मशीन धंद्यानेच फेडावं. त्यात अविश्वास नाही, शिस्त आहे. आणि बिल पक्कं घ्या, जीएसटीसह. गॅरंटीचा सगळा आधार त्या कागदावर असतो.

सांगलीच्या भगिनींना

ताई, तुमचा जीव टांगणीला लागतो तो उगीच नाही. फरशी कापायचा कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरतो. लाकडाची साधी सात इंची गोल करवत पाच-सहा हजार फेऱ्यांत काम करते. प्रत्येक पात्यावर त्याला सोसेल तो जास्तीत जास्त वेग छापलेला असतो. फरशीच्या कटरचा वेग त्याहून जास्त असेल तर दात उडू शकतात. फरशीच्या पात्याला दात नसतात, त्यामुळे त्या कटरचं झाकण दातेरी पात्याच्या हिशेबाने केलेलंच नसतं. लाकडात पातं अडकलं की मशीन मागे उसळी मारतं, आणि मागे माणसाचा हात किंवा मांडी असते. लाकडाच्या करवतीला आपोआप खाली येणारा गार्ड असतो. फरशीच्या कटरला तो नसतो.

रुळावरची करवत साध्या गोल करवतीच्या मानाने काही पटींनी महाग असते. तुम्ही तिच्या मागे लागू नका. सात इंची साधी गोल करवत घ्या, आणि रूळ घरीच करा. होय, घरी! जुने सुतार करत आले आहेत तीच युक्ती आहे.

साहित्य : सहा मिलिमीटर प्लायची सुमारे एक फूट रुंद पट्टी, हा तळ. बारा मिलिमीटर प्लायची तीन-चार इंच रुंद पट्टी, हा कठडा. चार फुटांचा काप घ्यायचा तर दोन्ही पट्ट्या पाच फूट लांब घ्या.

कृती : कठड्याची एक बाजू कारखान्यातून आलेली, न कापलेली कड हवी, कारण तीच सर्वांत सरळ असते. तळावर कठडा गोंद आणि स्क्रूने बसवा. सरळ कडेकडच्या बाजूला करवतीचं बूड मावून थोडा तळ उरेल इतकी जागा सोडा. दुसऱ्या बाजूला शिकंजे लावायला चार बोटं जागा ठेवा. गोंद रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी हे सगळं टेबलाच्या कडेला घट्ट धरून, करवतीचं बूड कठड्याला टेकवून एकदा चालवा. तळाचा जास्तीचा भाग कापून पडेल. आता तळाची जी कड उरली, तीच तुमची कापाची रेघ. यापुढे प्लायवर पेन्सिलची खूण करायची, ही कड खुणेला लावायची, दोन शिकंजे आवळायचे आणि करवत कठड्याला धरून चालवायची. तळ प्लायला दाबून धरतो, म्हणून टवकेही कमी उडतात.

दोन सूचना. करवतीची मोटार कठड्याला अडत नाही ना, हे स्क्रू मारण्याआधी पाहायचं. आणि पात्याची जाडी बदलली की ही फळीही नवी करायची, जुनी त्या पात्याला चालणार नाही. उरलेल्या प्लायच्या तुकड्यांत काम होतं, तेव्हा कुरकुर नको.

यजमानांना हे सांगायचं कसं? ‘तुम्ही चुकता’ असं म्हणून नका सुरू करू. लेख समोर ठेवा आणि विचारा, ‘अशी फळी आपल्याकडे जमेल का हो?’ कारागीर माणसाला करून दाखवायला आवडतं. एकदा सरळ काप पाहिला की पुढचं तो स्वतःच बोलेल. मात्र बोटांचा प्रश्न असेल तिथे गोडीगुलाबीलाही हद्द असते. गोडीने ऐकलं नाही तर स्पष्ट सांगा : फर्निचर चार दिवस उशिरा गेलं तर चालेल, बोट गेलं तर परत येणार नाही.

पैशांची एक वाट

सुतारकाम करणाऱ्या कुटुंबांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतार त्यांत आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, आणि तारणाशिवाय कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याजाने. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर होते. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन जा. बाहेरून जास्त व्याजाने पैसे उचलण्याआधी ही पायरी चढून पाहा.

पाणी आणि भुसा

कृष्णाकाठच्या घरांना एक जादा सूचना. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी आपण आधी धान्य आणि कागदपत्रं वर नेतो, तशी मशिनंही न्यावीत. पुरात बुडालेलं मशीन कोरडं दिसलं तरी प्लगला लावू नका. वाइंडिंगवाल्याने उघडून, वाळवून, तपासून दिल्यावरच लावा. रूळ मात्र स्वच्छ पाण्याने धुऊन पुसले की बहुधा वाचतात. फितीचा गोंद सुटलेला असतो, ती तेवढी नवी लावा.

भुसाही साधा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलं आहे. करवतीच्या मागे भुशाची नळी असते, तिला व्हॅक्यूम क्लीनर जोडा. ते नसेल तर काम उघड्यावर आणि नाकातोंडावर चांगला मास्क, नुसता रुमाल नव्हे. वर्कशॉप घराला लागून असेल तर वाळत घातलेले कपडे आणि तान्हं मूल त्या बाजूला नको. आपणही डबा द्यायला गेलो तर पदर खोचलेला, ओढणी बांधलेली असावी, आणि पात्याच्या रेषेत उभं राहू नये.

खरेदीला जाताना पदरी बांधून ठेवा

- आपला रूळ बरोबर. निदान त्याचा फोटो आणि कंपनीचं नाव.
- व्होल्ट २३०. पात्याचा व्यास आणि मधल्या भोकाचं माप लिहून घेणे.
- रुळावर मशीन टोकापासून टोकापर्यंत सरकवून आणि हलवून पाहणे.
- सर्व्हिस सेंटर कुठे? साताऱ्याहून पुण्याला आणि सांगलीहून कोल्हापूरला मशीन घेऊन जाण्यात कामाचा एक दिवस जातो. कार्बन आणि पातं आपल्याच गावात मिळतं का, हे आधी विचारणे.
- मशीन, फीत, पातं, शिकंजे, सगळ्यांची बेरीज करून मगच ‘स्वस्त’ म्हणणे.
- जुनं मशीन विकत घेत असाल तर दहा मिनिटं चालवून बघणे. वास, ठिणग्या किंवा घरघर आली तर नमस्कार करून परत येणे.

मैत्रिणींनो, सुताराच्या घरची बाई रोजच्या हिशेबात लाकूड, खिळे, फेविकॉल सगळं मोजत असते. मशीन तेवढं ‘त्यांचं’ म्हणून सोडून देते, आणि घरातला सर्वांत मोठा खर्च नेमका तोच असतो. तोही आपल्या वहीत आला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात शिलाई मशीनला मोटार बसवण्याबद्दल लिहीन. जुनी पायमशीन ठेवावी की विकावी, असं विचारणारी पुष्कळ पत्रं साठली आहेत. तुमच्या मशीनचं नाव आणि वय कळवायला विसरू नका.